पेप्टाइडच्या जेलमध्ये उजेड गोळा करायचा : आपल्या भागातल्या कॉलेजात जमेल का?

संध्या_शहापूर :
नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका डिग्री कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या प्रोजेक्टचे विषय ठरवायचे दिवस आलेत. वर्षानुवर्षं तेच चाललंय : बोअरच्या पाण्याचा कठीणपणा, चहापत्तीतलं कॅफिन, दुधातली भेसळ. हे विषय टाकाऊ नाहीत, पण मुलं मागच्या वर्षीच्या वह्यांतून उतरवून काढतात आणि विसरून जातात.

यंदा वेगळं काही द्यायचं मनात आहे. काही छोटी पेप्टाइडं पाण्यात स्वतःहून एकमेकांना धरतात. त्यांचे काही नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचे धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं आणि सगळं पाणी त्यात अडकून घट्ट जेल तयार होतं. वजनानं एखादा टक्का पेप्टाइड, कधी त्याहून कमी, बाकी पाणीच. या धाग्यांवर उजेड शोषणारे रेणू दाटीनं बसवले, तर एकानं पकडलेली ऊर्जा शेजाऱ्याकडे, तिथून पुढच्याकडे सरकत जाते. झाडाच्या पानात हेच चालतं. ते काचेच्या बाटलीत साधावं म्हणून बऱ्याच प्रयोगशाळा झटताहेत.

हे आपल्या मुलांना झेपेल असं माझं ठाम मत आहे. सहकारी म्हणतात, हे आयआयटीवाल्यांचं काम, आपल्या पोरांचं आधी टायट्रेशन तरी नीट होऊ दे. मला ते पटत नाही. ज्यांनी यात काम केलंय, ज्यांना शंका आहेत, सगळ्यांनी मोकळेपणानं लिहा. नेमकं काय होण्यासारखं आहे आणि काय नाही, हे मुलांपुढे उभं राहायच्या आधी मला कळायला हवं.

हलशीकर :
संध्याताई, जेल म्हटलं की आमच्या घरात एकच, हिंडलग्याचा तुरुंग. आजोबा सीमा सत्याग्रहात तिथं राहून आलेत. त्यांना सांगतो, आता बेळगावात पाण्यालासुद्धा जेल व्हायलालंय! वाचतोय, येऊ दे पुढं.

तिसरं_गेट :
मी कॉमर्सवाला. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनच की ओ? मग जिमवाल्यांची प्रोटीन पावडर पाण्यात ढवळली तर हे धागे का होत नाहीत?

निपाणीची_रेणू :
तिसरं गेट, प्रश्न बरोबर जागी आहे. दोन्हीचे घटक तेच, अमायनो आम्लं. प्रोटीनमध्ये त्यांची साखळी शेकड्यांची आणि ठरावीक तऱ्हेनं गुंडाळलेली. पेप्टाइडची साखळी आखूड, आणि संध्याताई म्हणताहेत त्या जेलात तर बऱ्याचदा दोनच आम्लं असतात. मी पुण्यात पीएच.डी.ची काही वर्षं याच जेलांबरोबर काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सुरुवात अल्झायमरपासून आहे. त्या आजारात मेंदूत अमायलॉइडचे धागे साचतात. ते ज्या प्रोटीनचे होतात, त्याच्या साखळीत फेनिलअलानिन हे अमायनो आम्ल एका ठिकाणी लागोपाठ दोनदा येतं. तेल अवीव विद्यापीठात एहुद गाझित आणि मेइटल रेचेस यांनी तेवढाच दोन आम्लांचा तुकडा घेऊन पाहिला. तो पाण्यात आपणहून पोकळ नळ्या करतो, हे त्यांनी २००३ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं. पुढं २००६ मध्ये त्याच तुकड्याच्या टोकाला एफमॉक नावाचा गट असेल तर घट्ट जेल मिळतं, हे गाझित यांच्या गटानं आणि इंग्लंडात राइन उलाइन यांच्या गटानं जवळपास एकाच वेळी छापलं. एफमॉक काही नवीन शोधलेली वस्तू नव्हती. पेप्टाइड बनवताना अमायनो आम्लाचं एक टोक तात्पुरतं झाकून ठेवायला तो वापरतात, त्यामुळे असल्या प्रयोगशाळांच्या फ्रीजमध्ये तो असायचाच.

धागे का होतात? एफमॉक आणि फेनिलअलानिन, दोन्हींत सपाट कडी आहेत आणि त्यांना पाणी आवडत नाही. ती एकमेकांवर रचली जातात, मधलं अंतर साधारण ०.३५ नॅनोमीटर. शिवाय पेप्टाइडचा कणा शेजारच्या कण्याशी हायड्रोजन बंधानं जोडला जातो, तिथं अंतर ०.४७-०.४८ नॅनोमीटर. कुणी हातानं काही रचत नाही. पाण्याचं आम्लपण बदललं, किंवा दुसऱ्या द्रावकातलं पेप्टाइड पाण्यात ओतलं, की काम सुरू होतं. उजेडाच्या दृष्टीनं या आकड्यांनाच मोल आहे. रंगद्रव्य त्या रचनेत शिरलं तर त्याचा शेजारी किती जवळ असेल, हे जेलच ठरवून देतं.

सोलर_सदा :
मी अनगोळला सोलर पॅनल बसवायचा धंदा करतो, तेव्हा थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आज छपरावर जी सिलिकॉनची पॅनलं चढवतो ती २० टक्क्यांच्या वर ऊर्जा देतात आणि कंपन्या पंचवीस वर्षांची हमी लिहून देतात. तुमचं जेल नव्व्याण्णव टक्के पाणी. बेळगावची हवा थंड म्हणतात, तरी एप्रिलच्या उन्हात बाहेर ठेवलं तर दुपारपर्यंत वाळेल. रंग उन्हानं उडतात हे तर छत्रीवाल्यालाही ठाऊक आहे. आणि वायर कुठं जोडायची? मुलांना सोलरवरच प्रोजेक्ट द्यायचा तर इन्व्हर्टर द्या, बॅटरी द्या, उद्या पोटाला लागतील.

ऊसवाला_संकेश्वर :
सदाभाऊंचं बरोबर वाटूलालंय. माझा दुसरा प्रश्न. पानात हे होतंच म्हणता, तर मग ते जेल उसावर फवारून उतारा वाढेल का? साखर कारखान्याला आधी सांगायला पाहिजे. :)

येळ्ळूरचे_गुरुजी :
ऊसवाले, फवारणीनं काही व्हायचं नाही. पण तुमच्या प्रश्नात विज्ञानाची एक चांगली गोष्ट दडलेली आहे, ती सांगतो. मी हायस्कूलला विज्ञान शिकवून निवृत्त झालो.

१९३२ मध्ये अमेरिकेत एमर्सन आणि अरनॉल्ड यांनी क्लोरेला नावाच्या हिरव्या शेवाळावर अगदी क्षणिक प्रकाशाचे झोत टाकून प्रयोग केला. प्रत्येक हरितद्रव्याचा रेणू स्वतंत्रपणे काम करत असेल, तर एका झोतात भरपूर ऑक्सिजन निघायला हवा होता. निघाला तो हरितद्रव्याच्या साधारण अडीच हजार रेणूंमागे ऑक्सिजनचा एक रेणू! यातूनच पुढं उलगडलं की बहुतेक हरितद्रव्य फक्त उजेड गोळा करून पुढं सरकवतं, खरी रासायनिक क्रिया मोजक्या केंद्रांवर होते, आणि एकेका केंद्रामागे दोनशे-तीनशे रेणू गोळा करायला बसलेले असतात (ऑक्सिजनचा एक रेणू निघायला ही क्रिया बरेचदा व्हावी लागते, म्हणून वरचा आकडा मोठा). कारणही सरळ आहे. भर उन्हातसुद्धा हरितद्रव्याच्या एका रेणूवर सेकंदाला दहा-वीसच फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, पकडले जातात. केंद्राला एकट्यावर सोडलं तर त्याचा बहुतेक वेळ रिकामा जाईल.

आता ऊस. वनस्पतींत गहू, भात यांच्या गटाला उन्हातल्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ४.६ टक्के आणि ऊस, मका, ज्वारी यांच्या गटाला ६ टक्के पिकात साठवता येतील, असं शास्त्रज्ञांचं गणित आहे. शेतात प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी साधतं. गंमत बघा, पिकात उजेड कमी पडतो म्हणून हे घडत नाही. वरची पानं दुपारी गरजेपेक्षा जास्त उजेड शोषतात आणि तो उष्णता करून टाकून देतात, खालची पानं सावलीत राहतात. म्हणून काही संशोधक उलटं करू बघताहेत, रेणूंचा हा गोतावळा लहान करायचा, म्हणजे उजेड खालपर्यंत पोचेल. तेव्हा उसाला आणखी उजेड पकडायला लावून उतारा वाढणार नाही.

निपाणीची_रेणू :
गुरुजी, नमस्कार. एमर्सन-अरनॉल्ड असे कुणी आम्हाला शिकवले असते तर किती बरं झालं असतं.

सदाभाऊ, पॅनलशी शर्यत लावायची असेल तर जेल हरलंच, मी आधीच मान्य करते. बाजारात मिळेल असं यातलं काही माझ्या माहितीत नाही. पण वायर जोडायचा विचार इथं मुळात नाहीच. पकडलेली ऊर्जा पाण्यातच एखादी रासायनिक क्रिया घडवायला वापरायची, असा बेत आहे. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युएल स्टुप यांच्या गटानं २०१४ मध्ये पेरिलीन नावाच्या रंगद्रव्याच्या रेणूंपासून आपोआप जमणारं जेल केलं, त्यात निकेलचा उत्प्रेरक ठेवला आणि उजेडात हायड्रोजन मिळवला. ते पेप्टाइड नव्हतं, पण तत्त्व तेच. एमआयटीत अँजेला बेल्चर यांनी २०१० मध्ये एम-१३ या विषाणूच्या प्रोटीनच्या आवरणावर रंगद्रव्य आणि उत्प्रेरक ओळीनं बसवून पाण्याचं ऑक्सिडीकरण केलं. आपल्याकडे बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात सुबी जॉर्ज यांच्या गटानं चिकणमातीच्या पातळ पापुद्र्यांचा आधार घेऊन उजेड गोळा करणारी जेलं केली, तिरुअनंतपुरममध्ये अजयघोष यांनी सेंद्रिय द्रावकांतली केली, आणि कोलकात्याला अरिंदम बॅनर्जी यांनी पेप्टाइड जेलांवर वर्षानुवर्षं काम केलंय. म्हणजे हे फक्त परदेशातलं काम नाही.

रंग उडतो हा मुद्दा शंभर टक्के खरा. पान रोज स्वतःची दुरुस्ती करतं, बाटलीतलं जेल करत नाही.

सुळेभावीचा_तंबोरा :
"ऊर्जा शेजाऱ्याकडे सरकते" म्हणजे पहिला रेणू उजेड बाहेर टाकतो आणि दुसरा तो पकडतो, असंच ना? मग जवळ असण्याचं एवढं कौतुक कशाला? उजेड लांबही जातो की.

धारवाड_रिटर्न :
नाही दादा, इथंच बहुतेक जण अडखळतात. मधे उजेड बाहेर पडतच नाही. तुमच्या नावावरून सुचलं, सतारीच्या तरफा बघा. वरची तार छेडली की तिच्याशी सुरात लावलेली तरफ आपोआप घुमते, तिला कुणी हात लावलेला नसतो. बेसुर लावलेली तरफ गप्प राहते. रेणूंतही सूर जुळावा लागतो : देणारा ज्या रंगाचा उजेड टाकू शकला असता, तोच रंग घेणाऱ्याला शोषता आला पाहिजे. जर्मनीच्या थिओडोर फर्स्टर यांनी १९४०च्या दशकात हे गणित मांडलं, म्हणून फर्स्टरची अनुनादी ऊर्जा-देवाणघेवाण म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे नुसतं 'फ्रेट' म्हणतात.

उदाहरण पुढं ताणत नाही, कारण अंतराचा हिशोब तारांपेक्षा कितीतरी कडक आहे. तो अंतराच्या सहाव्या घाताला उलटा जातो. प्रत्येक जोडीचं एक ठरावीक अंतर असतं, काही नॅनोमीटर, जिथं निम्मी ऊर्जा जाते. त्याच्या निम्म्या अंतरावर आलात तर साडेअठ्ठ्याण्णव टक्के जाते. दुप्पट लांब गेलात तर दीड टक्का उरतो. म्हणून रेणूताईंचे ०.३५ आणि ०.४७ हे आकडे सोन्यासारखे.

सुळेभावीचा_तंबोरा :
आता कसं, एकदम सुरात बसलं. कुमार गंधर्वांच्या गावात तरफांचं उदाहरण दिलंत, आणखी काय पाहिजे.

संध्या_शहापूर :
धारवाड रिटर्न, फार छान. मला मुलांसाठी सोपी सुरुवात हवी होती, ती अशी सुचतेय : हळद स्पिरिटमध्ये घोळली आणि अंधारात नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली धरली की झगझगीत हिरवट पिवळी दिसते. पालक स्पिरिटमध्ये वाटला तर तोच हिरवा अर्क टॉर्चखाली लाल चमकतो. दोन्ही एकत्र केले तर पिवळा मंदावतो आणि लाल उरतो. झाली की ऊर्जेची देवाणघेवाण दाखवून?

धारवाड_रिटर्न :
मॅडम, प्रयोग दाखवा, जरूर दाखवा, मुलं खूश होतील. पण त्याला फ्रेट म्हणू नका. यात मी अडून बसणार आहे, कारण छापील शोधनिबंधांतही ही गल्लत होते.

हिशोब करा. एक लिटरमध्ये एक मिलिमोल रंग विरघळवला, तर दोन रेणूंमधलं सरासरी अंतर साधारण १२ नॅनोमीटर येतं. मायक्रोमोलमध्ये, म्हणजे हजारपट पातळ द्रावणात उतरलात, तर १२० च्या जवळ. म्हणजे पातळ द्रावणात रेणू एकमेकांच्या टप्प्यातच नसतात. तरी पिवळा मंदावतो, कारण पालकाचा अर्क टॉर्चचाच जांभळा उजेड खाऊन टाकतो. हळदीला उजेड कमी मिळाला, म्हणून ती मंद दिसली. शिवाय हळदीतून खरोखर बाहेर पडलेला उजेडही पालक वाटेत शोषू शकतो. दोन्ही घटना साध्या गाळणीच्या आहेत. आणि हळदीचा पिवळा-हिरवा उजेड हरितद्रव्य तसाही फार कमी शोषतं, म्हणून तर पान हिरवं दिसतं. जोडीच चुकीची आहे.

खरी खूण वेगळी. ऊर्जा शेजाऱ्यानं ओढून नेली, तर देणाऱ्या रेणूचा चमकत राहण्याचा काळ कमी होतो, तोही नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजायचा. वाटेत उजेड गाळला गेला तर तो काळ बदलत नाही.

येळ्ळूरचे_गुरुजी :
धारवाड रिटर्न, तुमचं शास्त्र बरोबर, पण मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी नॅनोसेकंद ठेवलात तर तो पळून जाईल. आधी चमक दिसू दे. मग विचारा, हे कशानं झालं? गाळणीनं की देवाणघेवाणीनं? ओळखायचं कसं? हा प्रश्न मुलानं स्वतः विचारला तर प्रोजेक्ट तिथंच निम्मा झाला.

धारवाड_रिटर्न :
गुरुजी, मान्य. फक्त शेवटच्या रिपोर्टात "फ्रेट सिद्ध झालं" असं लिहू नये, एवढंच माझं म्हणणं.

कारवार_किनारा :
विषय जेलचा आणि उजेडाचा, आणि आमच्या समुद्राचं नाव नाही? प्रशांत महासागरात इक्वोरिया नावाचा जेलीफिश असतो. त्याच्या अंगात एक प्रोटीन निळा उजेड तयार करतं, पण जेलीफिश चमकतो हिरवा! कारण शेजारचं दुसरं प्रोटीन ती ऊर्जा ओढून घेतं आणि हिरवा उजेड देतं. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये हे वेगळं काढलं, त्या हिरव्या प्रोटीनला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. निसर्गानं हे कधीच करून ठेवलंय.

हलशीकर :
आमच्या बाजूला पावसाळ्यात लाकडावरची बुरशी रात्री चमकते म्हणतात, म्हादईच्या जंगलात लोक बघायला जातात. तेही हेच का?

कारवार_किनारा :
बुरशी रासायनिक क्रियेतून स्वतःच उजेड तयार करते. तिथं उजेड पकडणं नाही, सोडणं आहे. काजव्याचंही तेच. बघायला मात्र जाच, टॉर्च बंद ठेवून.

निपाणीची_रेणू :
कारवारच्या उदाहरणावरून मला आवडणारी गोष्ट. जांभळ्या जिवाणूंतला एक उजेड गोळा करणारा गठ्ठा १९९५ मध्ये स्फटिकरूपात उलगडला. त्यात रंगद्रव्याच्या २७ रेणूंची दोन वलयं, एकात ९ आणि दुसऱ्यात १८, आणि सगळी प्रोटीनच्या आधारानं अचूक जागी धरलेली. एका वलयातून दुसऱ्यात ऊर्जा जायला एका पिकोसेकंदाच्या (नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) आसपास वेळ लागतो. हरित गंधक जिवाणूंचं तर याहून नवल. त्यांच्या पिशवीत लाखभर आणि त्याहून जास्त रंगद्रव्यं प्रोटीनच्या आधाराशिवाय, स्वतःच एकमेकांना धरून रचली जातात. काळ्या समुद्रात शंभर मीटर खोलीवर जवळजवळ अंधारात ते जगतात, ते या रचनेच्या बळावर.

पेप्टाइड जेलवाले या दोन टोकांच्या मधे उभे आहेत. जिवाणूच्या प्रोटीनइतकी अचूक जागा आपल्या धाग्याला देता येत नाही, पण नुसत्या द्रावणापेक्षा कितीतरी बरी देता येते. इथं एक काटाही आहे. बरीच रंगद्रव्यं फार दाटीनं रचली की चमकच विझते, पकडलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. जवळ हवीत, पण अंगाला अंग लावून नकोत. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तोच : कुठलं रंगद्रव्य घेतलं यापेक्षा ते कुठं आणि कसं बसलं.

आणखी एक सावधगिरी. एफमॉक स्वतः उजेड शोषतो तो ३०० नॅनोमीटर आणि त्याखालचा. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात तेवढा आखूड उजेड जवळपास नसतोच. "एफमॉकच्या जेलनं उजेड पकडला" असं कुठं वाचलंत तर कुठल्या दिव्याखाली ते आधी बघा. आणि "९० टक्के ऊर्जा पोचली" असं वाचलंत तर तो आकडा पकडलेल्या ऊर्जेपैकीचा असतो, उन्हातल्या एकूण ऊर्जेचा नव्हे. सदाभाऊंच्या २० टक्क्यांशी तो जुळवून बघायचा नाही.

सोलर_सदा :
हे शेवटचं सांगितलंत ते बरं केलंत. असे आकडे वाचूनच लोक माझ्याकडे येतात, नव्वद टक्केवालं पॅनल मागायला.

वडगावची_मीनल :
मी बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला आहे, मॅडमच्या कॉलेजात नाही. दहावीपर्यंत मराठी शाळेत होते, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम सगळं इंग्रजीत आलं. दोन वर्षं काय चाललंय ते कळलंच नाही, पाठ करून पास झाले. हा धागा वाचताना प्रथमच फ्रेट समजलं. परीक्षेत त्याची व्याख्या मी लिहिली होती. प्रोजेक्टचे असे विषय आमच्यापर्यंत येतच नाहीत, आले तर "तुम्हाला नाही जमणार" याच वाक्यानं. मॅडम, तुमच्या सहकाऱ्यांना सांगा, टायट्रेशन आम्हाला येतं.

येळ्ळूरचे_गुरुजी :
मीनल बाळ, शाबास. तुझ्यासारख्या कित्येक मुली माझ्या वर्गातून गेल्या. बुद्धी होती, समजावून सांगणारं कुणी नव्हतं. तू या विषयावर एक पान तुझ्या भाषेत लिहून काढ आणि इथं टाक.

तिसरं_गेट :
सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्रात शिकायला काही सवलती आहेत ना? मीनलनं पुढं एम.एस्सी.ला कोल्हापूर बघावं.

वडगावची_मीनल :
काका, चौकशी करते. धारवाडही बघणार आहे, घरापासून जवळ. जिथं जेल करायला मिळेल तिथं.

निपाणीची_रेणू :
मीनल, पुढच्या वर्षाचे अर्ज भरताना मला निरोप टाक, नक्की.

संध्याताई, आता तुमच्या मूळ प्रश्नावर. कॉलेजात काय जमेल ते मी करून बघितल्याप्रमाणे सांगते. दोन आम्लांचं एफमॉक पेप्टाइड महाग पडेल, पण एकट्या फेनिलअलानिनला एफमॉक लावलेलं रसायन पेप्टाइड बनवणाऱ्यांसाठी सर्रास विकलं जातं, त्यामानानं स्वस्त, आणि त्याचंही जेल होतं. फक्त ते टिकाऊ नसतं, काही काळानं त्यातून स्फटिक सुटू लागतात. तेही मुलांनी बघावं, नोंदवावं.

सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ते विरघळवायचं, मग ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन घालायचं. हा पदार्थ टोफू लावायलाही वापरतात. पाण्यात तो हळूहळू ग्लुकोनिक आम्ल होतो, त्यामुळे पीएच सगळीकडे सारखा आणि सावकाश उतरतो. थेट हायड्रोक्लोरिक टाकलंत तर गुठळ्या होतील. रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी बाटली उलटी करा, खाली आलं नाही तर जेल झालं.

रंगाची जोडी : कुठलाही स्वस्त रंग चालणार नाही. हळदीतलं कर्क्युमिन देणारा म्हणून मोहात पाडतं, पण अल्कलीत ते लाल होतं आणि मोडतं. हळदीचं कुंकू करतात ते चुन्याच्या याच गुणावर. ते वापरायचंच असेल तर सोडियम हायड्रॉक्साइडची वाट सोडून पेप्टाइड डीएमएसओ या द्रावकात विरघळवून पाण्यात ओता. घेणारा म्हणून रोडामाइन-बी घ्या. तो ५५० नॅनोमीटरच्या आसपास शोषतो आणि कर्क्युमिनचा उजेड तिथवर पोचतो, सूर जुळतो.

हलशीकर :
रोडामाइन? गोबी मंच्युरियनवालं? मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी आणि कॉटन कँडीतल्या असल्या रंगांवर बंदी घातली तेच ना? म्हणजे आम्ही इतकी वर्षं घेणारा रेणू पोटात घालत होतो!

निपाणीची_रेणू :
तेच. खाण्यात अजिबात नको. प्रयोगशाळेत मात्र फार गुणी रंग आहे. हातमोजे घालून, आणि तोही चिमूटभराच्या चिमूटभर.

बाटल्या चार करा. एकीत जेल आणि फक्त देणारा. दुसरीत जेल आणि फक्त घेणारा. तिसरीत जेल आणि दोन्ही. चौथीत तेच दोन्ही रंग तेवढ्याच प्रमाणात, पण जेल नाही. देणारे जास्त, घेणारा कमी ठेवा, शंभराला एकपासून सुरू करा. चौथी बाटली कधीही वगळू नका. जेलनं खरंच काही केलं का, हे ती सांगते. दुसरी बाटली सांगते की टॉर्चच्या उजेडानं रोडामाइन थेट किती पेटतं. हे दोन न ठेवता केलेले निष्कर्ष मी तपासायला आले तर परत पाठवते.

धारवाड_रिटर्न :
चौथ्या बाटलीबद्दल रेणूताईंना सलाम. मी भर घालतो : धारवाडला कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात सामायिक उपकरण केंद्रं आहेत, पैसे भरून बाहेरच्या कॉलेजांचे नमुने मोजून मिळतात. बेळगावहून दोन्हीकडे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. जायच्या आधी फोन करून चमकण्याचा काळ मोजायची सोय चालू आहे का ते विचारा. नसेल तर नुसता वर्णपट घ्या, आणि रिपोर्टात तेवढाच दावा करा. जेल नेताना बाटल्या हलतात, धागे मोडतात, म्हणून शक्य तर तिथंच नेऊन लावा.

सोलर_सदा :
मॅडम, माझ्याकडे ३९५ नॅनोमीटरचे एलईडी पडून आहेत, आणि एक स्थिर करंट देणारी पेटीही करून देतो. टॉर्च हातात हलत राहिला तर चार बाटल्यांची तुलना कशी करणार? दिव्यापासून बाटलीचं अंतर पक्कं राहील असा लाकडी खोका करू. धंद्यापेक्षा हे बरं काम आहे.

संध्या_शहापूर :
सदाभाऊ, हे फार मोठं काम केलंत, मनापासून आभार. खोक्याला आतून काळा रंग द्यायला सांगते.

ठरवते असं. पहिली सत्रपरीक्षा होईपर्यंत मुलांनी फक्त जेल करायचं, रंग नाही. किती पेप्टाइडला जेल होतं, किती वेळात, कुठल्या पीएचला, स्फटिक कधी सुटतात. मग चार बाटल्या. धारवाडची फेरी शेवटी, आणि दावा मोजता आला तेवढाच. सहकाऱ्यांनी विचारलं तर हा सगळा धागा छापून समोर ठेवणार आहे. मीनल, तुझ्या सरांची हरकत नसेल तर शनिवारी आमच्या प्रयोगशाळेत ये, जेल लावायला दोन हात कमीच आहेत.

वडगावची_मीनल :
येते मॅडम! ते लॅक्टोन बेळगावात मिळतं की मागवावं लागेल?

निपाणीची_रेणू :
मागवावं लागेल. पण पाव किलो घेऊ नका, लहान बाटली घ्या आणि घट्ट बंद ठेवा, आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ते बाटलीतच आम्ल होऊन बसतं.

येळ्ळूरचे_गुरुजी :
आणि जांभळ्या एलईडीसमोर सगळ्यांनी चष्मे घालायचे. संध्याताई, ते आधी मागवा.